सांगलीचा गाळ आणि कृष्णेचे मुख

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरपासून गावभागापर्यंत घरेच्या घरे बुडाली. पाणी उतरल्यावर मागे जे राहिले ते उपसायला पाण्यापेक्षा अवघड होते. फरशीवर, कपाटात, मीटरच्या पेटीत, गादीच्या कापसात शिरून बसलेला तो गुळगुळीत काळपट गाळ होता. फावड्याने ओढताना तो लोण्यासारखा सरकतो आणि दोन उन्हे लागली की भेगाळून त्याच्या खपल्या निघतात. चिमटीत घेऊन चोळला तर वाळूचा कण क्वचितच बोटाला लागतो. घर धुताना त्याचा संताप येणारच. परंतु हरिपूर आणि सांगलवाडीच्या ज्या खोल मातीत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवण्याची भूमिगत पेवे खोदली गेली, ती माती याच गाळाने बनलेली आहे, आणि कृष्णाकाठच्या वांग्याची चवही याच मळीच्या रानातली आहे. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून झालेल्या या मातीचा मोठा वाटा मात्र येथे थांबण्यासाठी नव्हताच. येथून हजाराहून अधिक किलोमीटरवर बंगालच्या उपसागराच्या काठी कृष्णेने जो त्रिभुज प्रदेश रचला, तेथील खाजणे, कांदळवने आणि पाणथळी ज्या मातीवर उभ्या आहेत, ती अशीच वरून वाहत गेलेली माती आहे.

आपल्याकडे कृष्णेविषयीचे बोलणे महाबळेश्वरच्या गोमुखापासून सुरू होते, वाईचे घाट, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम, औदुंबर, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा असे करत पुढे सरकते आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या भिंतीपाशी संपते. धरणाची उंची ५१९.६० मीटर की ५२४.२५६ मीटर, एवढाच त्यापुढचा प्रश्न उरतो. पुराचा मार सोसलेल्या सांगलीकराने तो प्रश्न सोडावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु सुमारे १,४०० किलोमीटर लांबीच्या या नदीची महाराष्ट्रातील वाटचाल जेमतेम ३०० किलोमीटरची आहे, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यावर आज जे घडत आहे त्याची कारणे बऱ्याच अंशी वरच्या राज्यांत, आपल्या जिल्ह्यांतही, शोधावी लागतात. त्यासाठी त्या मुखाचा इतिहास माहीत असणे मला अगत्याचे वाटते.

विजयवाड्याला कृष्णा दोन टेकड्यांच्या मधून बाहेर पडते. एका बाजूला इंद्रकीलाद्री, दुसऱ्या बाजूला सीतानगरमची टेकडी. तेथून समुद्र बराच दूर आहे, तरीही नदीचा त्रिभुज प्रदेश येथूनच सुरू होतो. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढून स्थिरावली, त्या वेळचा किनारा आजच्यापेक्षा पुष्कळ आत होता. त्यानंतर दर पावसाळ्यात उतरणाऱ्या गाळाने जमीन समुद्रात पुढे पुढे सरकत गेली. लाटा आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह वाळू ढकलून मुखाशी लांबट दांडे तयार करतात. दांड्याच्या मागे समुद्राचे पाणी अर्धवट कोंडले गेले की उथळ, मचूळ पाण्याचे खाजण बनते. त्यात गाळ साचत जातो, भरती-ओहोटीच्या चिखलावर कांदळ रुजते, आणि कालांतराने पुढे नवा दांडा पडून जुने खाजण जमिनीत जमा होते. त्रिभुज प्रदेशात समुद्राला समांतर दिसणारे वाळूचे जुने उंचवटे म्हणजे एकेका काळचे किनारे आहेत.

या क्रमाचा सर्वांत मोठा साक्षीदार कोल्लेरू आहे. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मधल्या सखल पट्ट्यातील हे सरोवर आज गोड्या पाण्याचे असले, तरी काही हजार वर्षांपूर्वी ते समुद्राशी जोडलेले खाजण होते. दोन्ही नद्यांचा गाळ दोन्ही बाजूंनी पुढे सरकला, किनारा दूर गेला आणि कोल्लेरू आत अडकले. बुडमेरू, तम्मिलेरू यांसारखे ओढे त्यात पाणी आणतात आणि उप्पुटेरू नावाचा एकच नागमोडी प्रवाह ते समुद्राकडे नेतो. तेलुगूत ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘एरु’ म्हणजे ओढा किंवा नदी. समुद्राशी असलेले जुने नाते त्या नावात टिकून आहे. पाणथळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव आणि तेथे उतरणारे रोहित पक्षी येतात. कोल्लेरूची व्याप्ती त्याच्या कैक पट आहे. ३०८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले आणि २००२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. ठिपकेदार चोचीचे झोळीवाले आणि चित्रबलाक तेथे मोठ्या संख्येने घरटी करतात.

या प्रदेशाचा आणि आपला संबंध केवळ पाण्याचा नाही. सातवाहनांच्या काळात सह्याद्रीपासून अमरावतीजवळच्या धान्यकटकापर्यंतचा मुलूख एका सत्तेखाली आलेला होता. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात या किनाऱ्याला मैसोलिया म्हटले आणि त्याने नोंदवलेले कांटाकोसिला म्हणजे दिवीजवळचे घंटसाला, असे मानले जाते. घंटसाल्याला बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. एकेकाळी बंदराजवळ असलेले ते गाव आज किनाऱ्यापासून बरेच आत आहे. पुढे मच्छलीपट्टणला १६११ मध्ये इंग्रजांनी वखार घातली, डचही तेथे होते, आणि कलमकारीचे कापड येथूनच जहाजांवर चढत असे. तथापि हा किनारा बंदराला कधीच फार काळ साथ देत नाही, कारण तो एकीकडे गाळाने उथळ होतो आणि दुसरीकडे चक्रीवादळांच्या वाटेत पडतो. १ नोव्हेंबर १८६४ च्या वादळात मच्छलीपट्टण आणि आसपासची सुमारे ३०,००० माणसे गेली.

पाणथळींचे रूप पालटण्यास एकोणिसाव्या शतकात खऱ्या अर्थाने सुरुवात झाली, आणि तिच्यामागे दुष्काळ होता. १८३२-३३ च्या दुष्काळात एकट्या गुंटूर भागातील तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक माणसे दगावली. गोदावरीवर आर्थर कॉटन यांचा बंधारा यशस्वी झाल्यावर विजयवाड्यालाही तसाच बंधारा घालण्याचे ठरले. कॅप्टन चार्ल्स ऑर यांच्या देखरेखीखाली तो १८५२ ते १८५५ या काळात बांधला गेला. कराडजवळ खोडशीचा बंधारा आणि कृष्णा कालवाही त्याच शतकातला आहे, फक्त आकारमानाचा फरक प्रचंड. विजयवाड्याच्या कालव्यांनी लाखो एकर जमीन भाताखाली आणली. जेथे पावसाळ्यात पाणी पसरून हिवाळ्यात ओसरत असे, तेथे आता ठरावीक पाळीने पाणी येऊ लागले, सखल भागांतून निचऱ्याचे चर निघाले आणि हंगामी दलदलींची शेते झाली. कोम्मामूर कालवा बकिंगहॅम कालव्याला जोडला गेल्याने मालवाहू नावा त्रिभुज प्रदेशातून थेट मद्रासपर्यंत जाऊ लागल्या. १९५२ मध्ये जुना बंधारा फुटला आणि त्याच्या जागी ७० दरवाजांचा प्रकाशम बंधारा १९५७ मध्ये उभा राहिला.

कालव्यांची वस्ती संपते तेथून पुढे जुने जग अजून शिल्लक आहे. अवनीगड्डाच्या परिसरात नदी फाटते आणि तिच्या फाट्यांमध्ये दिवी सीमा हे बेट तयार होते. नागायलंकाहून होडीने निघाले की एदुरुमोंडी, नाचुगुंटा अशी बेटे लागतात. नदीतल्या बेटाला तेलुगूत लंका म्हणतात. खाड्यांच्या दोन्ही काठांना तिवर या कांदळाच्या झाडांची रांग, चिखलातून टाचण्यांसारखी वर आलेली त्याची श्वसनमुळे, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर खेकड्यांची बिळे. हा सुमारे १९५ चौरस किलोमीटरचा पट्टा आता कृष्णा वन्यजीव अभयारण्य आहे. रात्री पाण्यात पंजा घालून मासे पकडणारे मासेमार मांजर येथे आहे, वाळूच्या दांड्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि यानादी समाजाची कित्येक कुटुंबे खेकडे व मासे यांवरच जगतात. हंसलदीवीला कृष्णा समुद्रास मिळते. माघी पौर्णिमेला तेथे स्नानासाठी गर्दी लोटते. गुरू कन्या राशीत आला की आपल्याकडे नृसिंहवाडीला कन्यागत भरते, आणि त्याच वेळी आंध्रात कृष्णेचे पुष्करालु सुरू होतात. २०१६ मध्ये दोन्हीकडे हे घडले. एका नदीचे एकच पर्व दोन टोकांना दोन नावांनी साजरे होते, याची मला नेहमी ओढ वाटत आली आहे.

१९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळाने हीच दिवी सीमा उद्ध्वस्त केली. सुमारे ५ मीटर उंचीची समुद्राची लाट सपाट जमिनीवरून कित्येक किलोमीटर आत घुसली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे मरण पावली. त्यानंतर किनाऱ्याला सुरूची झाडे लावली गेली, निवारागृहे बांधली गेली, आणि कांदळवनाकडे सरपणाचे रान म्हणून पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलू लागली. तोडलेले कांदळ पुन्हा का उगवत नाही, याचा उलगडाही पुढे झाला. झाडे सरसकट तोडली की चिखल उन्हाने वाळतो, जमीन मधोमध खचून परातीसारखी होते, भरतीचे पाणी त्यात येऊन अडकते आणि आटत आटत इतके खारे होते की रोप तग धरत नाही. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वन विभाग आणि गावकरी यांना बरोबर घेऊन अशा जागी माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणले. मधला मोठा चर खाडीला जोडलेला आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे छोटे चर, अशी ती रचना असते. भरतीचे पाणी आत येऊन ओहोटीला बाहेर जाऊ लागले आणि चरांच्या काठाने लावलेले तिवर धरले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही मुखांशी हे काम झाले. पाण्याला ये-जा करू देणे एवढाच त्यातला उपाय आहे.

त्याच दशकात कोळंबीची तळी वेगाने पसरली. मचूळ पाणी, सपाट जमीन आणि परदेशी बाजारपेठ यांमुळे भातखाचरे आणि खाजणालगतची पडीक जमीन झपाट्याने तळ्यांत गेली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील अशी तळी हटवण्याचा निकाल दिला, तरीही व्यवसाय वाढतच राहिला. कोल्लेरूत तर सत्तरच्या दशकात सरकारनेच सहकारी संस्थांना मत्स्यतळ्यांसाठी जागा दिली होती. पुढे बाहेरचा पैसा आला, बांध वाढले आणि सरोवराचे तुकडे पडले. २००६ मध्ये ‘ऑपरेशन कोल्लेरू’ या मोहिमेत शासनाने हजारो एकरांवरील बांध फोडले. त्यातून सरोवर मोकळे झाले, पण त्या तळ्यांवर मजुरी करणाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला आणि अतिक्रमणेही परतली. बुडमेरूच्या पात्राचाही असाच संकोच झाला. १ सप्टेंबर २०२४ च्या सुमारास विजयवाड्याची मोठी वस्ती बुडमेरूच्या पाण्याखाली गेली, तेव्हा प्रकाशम बंधाऱ्यावरून ११ लाख क्युसेकहून अधिक विसर्ग चालू होता. छपरावर दिवस काढणाऱ्या त्या माणसांची छायाचित्रे पाहताना सांगलीत कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही.

हे सर्व मुखाकडचे झाले. वरून काय येईनासे झाले, हा भाग आपल्याशी थेट निगडित आहे. साठच्या दशकात कोयना आणि नागार्जुनसागर, पुढे धोम, कण्हेर, नारायणपूर, श्रीशैलम, अलमट्टी अशी धरणे या खोऱ्यात एकामागून एक उभी राहिली. राज्यांतील पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळेल असे, पाणी २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी वाटून दिले. वाटणी पूर्ण झाली. खुद्द नदीच्या मुखासाठी, खाजणांतील खारेपणा समतोल राखण्यासाठी, तीत वेगळे खाते नव्हते. कोयनेचे पाणी तर वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरते, ते कृष्णेकडे परतत नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी जत, कवठे महांकाळ, आटपाडीपर्यंत पोहोचावे यासाठी लोकांनी किती वर्षे झुंज दिली हे जाणणारा माणूस त्या पाण्याला अपराध म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. धरण पाणी सोडते, गाळ मात्र पोटात ठेवते. संशोधकांच्या मोजणीनुसार १९६६ ते १९६९ मध्ये कृष्णा वर्षाला सुमारे ९० लाख टन गाळ खाली नेत होती; २००० ते २००५ या काळात तो अवघ्या ४ लाख टनांवर आला. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मिळून ३३६ किलोमीटर किनाऱ्यावर १९६५ ते २००८ या काळात निव्वळ ७६ चौरस किलोमीटर जमीन समुद्राने घेतली. सहा हजार वर्षे पुढे सरकत आलेला किनारा अशा रीतीने एका पिढीत मागे फिरला. दांडे झिजतात, त्यांच्या आडची खाजणे उघडी पडतात आणि विहिरींत खारे पाणी शिरते. २००१ ते २००४ च्या अवर्षणात तर समुद्राला जवळजवळ काहीच पाणी मिळाले नाही.

२०१५ पासून पट्टिसीमा येथे गोदावरीचे पाणी उपसून प्रकाशम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडले जाते आणि त्रिभुज प्रदेशातील खरिपाचे भात पुष्कळदा त्यावर लागते. शेतीची सोय त्यामुळे झाली, परंतु ते पाणी कालव्यांत वळते. बंधाऱ्याच्या खाली, कांदळवनांकडे, कृष्णेचे स्वतःचे गोडे पाणी भरपूर जाते ते मुख्यतः वरची सगळी धरणे भरून वाहू लागतात तेव्हाच. २०१९ चा ऑगस्ट असाच होता. सांगलीत पाणी उतरून माणसे घरांतला गाळ खरवडत होती, त्याच महिन्याच्या मध्यावर विजयवाड्याला सत्तरच्या सत्तर दरवाजे उघडले गेले, आणि गढूळ पाणी हंसलदीवीकडे निघाले.