कॉन्चेर्तो ग्रोसो आणि सोलो कॉन्चेर्तो: पुढे उभे राहणारे आणि मागे बसलेले

बरोक संगीताच्या (म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय संगीताच्या) मैफलीची कार्यक्रमपत्रिका हातात घेतली, की पाहुण्या हार्पसिकॉर्डवादकाच्या नावाखाली दोन व्हायोलिनवादक, एक चेलोवादक, क्वचित एखादा बासरीवादक अशी एकल वादकांची यादी दिसते आणि रचनांच्या नावांत ‘कॉन्चेर्तो’, म्हणजे पुढचे एक किंवा काही वादक आणि मागचा वाद्यवृंद यांची रचना, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कुठे तो नुसताच असतो, कुठे त्याला ‘ग्रोसो’ जोडलेले असते. बहुतेक श्रोते यावरून असा अर्थ काढतात, की एकच वादक पुढे उभा असेल तर तो सोलो कॉन्चेर्तो आणि दोन-तीन जण असतील तर कॉन्चेर्तो ग्रोसो. हा हिशेब सोपा आहे, पण चुकीचा आहे. बाख या जर्मन संगीतकाराच्या डी मायनर या पट्टीतल्या प्रसिद्ध कॉन्चेर्तोत दोन व्हायोलिनवादक पुढे असतात, तरीही घडणीने ती रचना सोलो कॉन्चेर्तोच्या कुळातली आहे. डोकी मोजून हा फरक कळत नाही. लहान गट आणि मोठा गट यांचे एकमेकांशी नाते काय आहे, यावर तो ठरतो.

कॉन्चेर्तो ग्रोसोचे सर्वांत स्वच्छ रूप आर्कांजेलो कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या सहाव्या ओपसमध्ये (क्रमांक देऊन छापलेल्या रचनासंग्रहात) सापडते. कोरेल्ली रोममध्ये राहत असे आणि कार्डिनल ओत्तोबोनी हा त्याचा आश्रयदाता होता. १७१३ मध्ये तो वारला आणि हे बारा कॉन्चेर्तो १७१४ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले गेले. मात्र या सालावरून त्यांचे वय ठरवू नये, कारण गेऑर्ग मुफ्फाट या संगीतकाराने कोरेल्लीच्या अशा रचना १६८० च्या दशकाच्या आरंभीच रोममध्ये ऐकल्या होत्या आणि पुढे तसे लिहूनही ठेवले. या रचनांत दोन व्हायोलिन आणि एक चेलो असा तिघांचा लहान गट असतो. त्याला ‘कॉन्चेर्तीनो’ म्हणतात. उरलेला सगळा तंतुवाद्यवृंद म्हणजे ‘ग्रोसो’, अर्थात मोठा गट. त्यालाच ‘रिपिएनो’ असेही म्हणतात.

कोरेल्लीच्या छापील मुखपृष्ठावरच या दोन गटांचे नाते स्पष्ट केलेले आहे: लहान गटाचे तिघे अनिवार्य आहेत, मोठा गट इच्छेवर आहे आणि त्यातली वाद्ये हवी तर दुप्पट करता येतील. आजच्या श्रोत्याला हे उलटे वाटते, कारण वाद्यवृंद हा पाया आणि एकल वादक हा कळस, असे आपण धरून चालतो. कोरेल्लीच्या घरात पाया तिघांचाच आहे. वाद्यवृंद पूर्ण बाजूला काढला तरी तिघे आणि साथीचा कळफलक (हार्पसिकॉर्डसारखे वाद्य) मिळून रचना पार पडते. ती त्रयीसाठीच्या सोनाटासारखी ऐकू येते, पातळ वाटते, पण मोडत नाही. मोठा गट त्यात रंग भरतो, एखादा सूर गडद करतो, ओळीच्या अखेरीस वजन देतो. बहुतेक वेळा तो तिघांनी नुकतेच वाजवलेलेच पुन्हा म्हणतो किंवा त्यांच्याबरोबर म्हणतो. त्यामुळे या प्रकारात ऐकायची मुख्य गोष्ट म्हणजे ध्वनीची जाडी कमी-जास्त होणे. पुढे उभे असलेले व्हायोलिनवादक तिथे आपले कसब दाखवायला आलेले नसतात, आणि त्यांना तशी संधी कोरेल्ली फारशी देतही नाही. नाताळच्या रात्रीसाठी लिहिलेला आठवा कॉन्चेर्तो ऐकताना तर पुढचे तिघे आणि मागचे सगळे यांच्यातली सीमारेषा अनेकदा जाणवतही नाही, आणि मला वाटते, तेच त्याचे सौंदर्य आहे.

सोलो कॉन्चेर्तोचे ठिकाण दुसरे आहे: व्हेनिस. १७०३ मध्ये अन्तोनिओ विवाल्दी हा तरुण पाद्री ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेत व्हायोलिनशिक्षक झाला. तिथल्या मुलींचा वाद्यवृंद इतका तयार होता, की तो ऐकायला परदेशी प्रवासी येत असत. विवाल्दीने सुमारे पाचशे कॉन्चेर्तो लिहिले आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक एका व्हायोलिनसाठी आहेत. तीन भाग, जलद-संथ-जलद असा क्रम, आणि जलद भागांत एक ठरलेली बांधणी, हे त्याने इतके पक्के केले की पुढच्या पिढ्यांनी ते जवळजवळ नियम म्हणून स्वीकारले.

या बांधणीला ‘रितोर्नेल्लो’ म्हणतात, म्हणजे परत परत येणारे. आरंभी संपूर्ण वाद्यवृंद एक ठसठशीत चाल वाजवतो. मग एकल वादक स्वतंत्र, अधिक अवघड आणि वेगळ्याच धाटणीचे काही वाजवतो. वाद्यवृंद चालीचा एखादा तुकडा घेऊन परततो. पुन्हा एकल वादक निघतो. ख्याल ऐकणाऱ्या मराठी कानाला इथे मुखडा आठवणे साहजिक आहे, आणि विस्तार करून पुन्हा मुखड्यावर येण्याचे समाधान दोन्हीकडे आहेही. पण एक मोठा फरक लक्षात ठेवावा लागतो: मुखडा नेहमी त्याच पट्टीत परततो, तर रितोर्नेल्लो दर वेळी बहुधा नव्या पट्टीत उतरतो आणि अगदी शेवटी मूळ पट्टीत घरी येतो. प्रवास घडवून आणणारा एकल वादक असतो. वाद्यवृंद मुक्कामाचे गाव जाहीर करतो.

म्हणून दोहोंतला भेद ओळखायची माझी कसोटी अशी आहे: मागचा वाद्यवृंद मनातल्या मनात उठवून पाहावा. कोरेल्लीत रचना उरते. विवाल्दीत एकल वादकाच्या धावत्या तानांचे सुटे तुकडे उरतात, कारण त्यांना जोडणारी चालच निघून गेलेली असते. एका ठिकाणी मोठा गट हा लहान गटाची छाया आहे, दुसऱ्या ठिकाणी तो स्वतःचे म्हणणे असलेला प्रतिपक्ष आहे.

गोंधळाला वादक किंवा श्रोते एकटेच जबाबदार नाहीत. त्या काळचे छापखानेही आहेत. जुझेप्पे तोरेल्ली या संगीतकाराचा आठवा ओपस १७०९ मध्ये बोलोन्याला निघाला, तेव्हा संपूर्ण संग्रहाला ‘कॉन्चेर्ती ग्रोसी’ असे नाव दिले गेले, आणि त्यातले शेवटचे सहा कॉन्चेर्तो चक्क एकाच व्हायोलिनचे आहेत. विवाल्दीच्या १७११ च्या तिसऱ्या ओपसमध्ये चार व्हायोलिन, दोन व्हायोलिन आणि एक व्हायोलिन अशा तिन्ही तऱ्हा आहेत, आणि त्यातल्या अकराव्या कॉन्चेर्तोत दोन व्हायोलिन आणि चेलो पुढे येतात तेव्हा तिथे कोरेल्लीची सावली स्पष्ट दिसते. हेंडेल या संगीतकाराने लंडनमध्ये १७३९ च्या सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, बारा कॉन्चेर्तो ग्रोसो लिहिले. त्याने कोरेल्लीचे तिघे कायम ठेवले, पण कधी त्यांच्यातल्या पहिल्या व्हायोलिनला एकट्याने पुढे काढले, तर कधी तिघांना पार विसरून सगळा भाग एकगठ्ठा वृंदाला दिला. नावे सैल होती. कान मात्र सैल ठेवून चालत नाही.

आता पाहुण्या हार्पसिकॉर्डवादकाकडे वळू, कारण तो या दोन्ही प्रकारांत असतो आणि दोन्हींत बहुधा ऐकू येत नाही. हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोच्या कुळातले असले तरी त्यात हातोडी तारेवर आपटत नाही, तर पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याचे छोटे टोक (हल्ली बहुधा प्लास्टिकचे) तार छेडते. बोट जोरात दाबा की हळू, आवाजात फारसा फरक पडत नाही. वादकासमोरच्या कागदावर फक्त खालच्या सुरांची ओळ असते आणि तिच्या वर-खाली काही आकडे लिहिलेले असतात. त्या आकड्यांवरून कोणते स्वर एकत्र वाजवायचे हे ठरते, पण ते नेमके कसे मांडायचे हे वादक तिथल्या तिथे ठरवतो. या साथीला ‘बासो कंटिन्युओ’ म्हणतात. आपल्याकडच्या पेटीवाल्यासारखा तो गायकामागून जात नाही. सगळा वृंद ज्या जमिनीवर उभा आहे, ती जमीन तो चेलोबरोबर आधीच अंथरत जातो. कोरेल्लीने लहान आणि मोठ्या अशा दोन्ही गटांच्या खालच्या ओळींना वेगवेगळे आकडे दिले आहेत, त्यामुळे मोठ्या सभागृहात दोन कळफलक ठेवण्याचीही सोय होते. मैफलीच्या मध्यंतरात सगळे चहाला गेलेले असताना रंगमंचावर कोणी एकटाच वाकून तारा लावत बसलेला दिसला, तर त्याची कामगिरी लक्षात घ्यावी.

मग त्याचे नाव पत्रिकेवर एवढ्या ठळक अक्षरांत का? बहुधा कार्यक्रमात बाखचा पाचवा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो असतो म्हणून. बाखने १७१९ मध्ये जर्मनीतल्या क्योथेन दरबारासाठी बर्लिनहून नवे हार्पसिकॉर्ड आणले आणि मार्च १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफला (हा एक सरदारी किताब) सहा कॉन्चेर्तो अर्पण केले. पाचव्यात बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड असे तिघे पुढे आहेत, म्हणजे वरकरणी कॉन्चेर्तो ग्रोसोच. संथ दुसऱ्या भागात तर फक्त हे तिघेच वाजवतात. पण पहिल्या भागाची बांधणी विवाल्दीची आहे: वृंदाची चाल, मग तिघांचा प्रवास, पुन्हा चाल. हार्पसिकॉर्डवादक आरंभी नेहमीप्रमाणे आकड्यांवरून साथ करतो, मग हळूहळू त्याच्या उजव्या हाताला ताना सुचू लागतात, बासरी आणि व्हायोलिन यांची वाक्ये आखूड होत जातात, आणि अखेरीस बाकी सगळे थांबतात. हस्तलिखितात तिथे ‘इतर वाद्यांविना एकट्याने’ अशी सूचना आहे. पुढची पासष्ट आवर्तने (पाश्चात्त्य लिपीतले ‘बार’), म्हणजे भागाच्या एकूण लांबीच्या पावपेक्षा जास्त, तो एकटाच वाजवतो. ही जागा बाखच्या आधीच्या मसुद्यात बरीच लहान होती. ती त्याने मुद्दाम वाढवली. कॉन्चेर्तो ग्रोसो म्हणून सुरू झालेली रचना आपल्या डोळ्यांदेखत सोलो कॉन्चेर्तो होते, आणि तीही अशा वाद्याची, ज्याला तोपर्यंत कॉन्चेर्तोत बहुधा कोणी पुढची खुर्ची दिली नव्हती.

पासष्टावे आवर्तन संपताच वृंद आरंभीची चाल घेऊन परततो, आणि हार्पसिकॉर्डवादक पुन्हा आकड्यांकडे वळून बाकीच्यांची साथ करू लागतो.