'स्ट्रेस प्रोटीन'मधला स्ट्रेस नेमका कुणाचा?

खानापूरकडचे आमचे मामा हार्ट फेल्युअरचे पेशंट, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. मागे बेळगावात दाखवायला नेलं तेव्हा एका अभ्यासासाठी जादा रक्त देणार का म्हणून विचारलं. फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मी वाचून सांगत होतो, त्यात 'स्ट्रेस प्रोटीन' आलं तशी मामी लगेच म्हणाली, "बघ, जमिनीच्या केसचं टेन्शन घेऊ नका म्हणून मी सांगतच होते की." सही झाली, रक्त दिलं, पण तो शब्द डोक्यातनं जाईना.

सुरुवात माशीपासनं आहे. १९६२ च्या आसपास इटलीतल्या एका प्रयोगशाळेत फळमाशीच्या अळ्यांवर काम चालू होतं, कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि लाळग्रंथीतल्या क्रोमोसोमवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. १९७४ मध्ये त्यामागची प्रोटीन सापडली, नाव पडलं हीट शॉक प्रोटीन. मग दिसलं की उष्णताच कशाला, ऑक्सिजन कमी पडला, अल्कोहोल किंवा आर्सेनिक लागलं तरी पेशी हीच प्रोटीन काढते, म्हणून 'स्ट्रेस'. म्हणजे हा ताण पेशीवरचा, मनावरचा नव्हे. मराठीत ताण दोरीलाही येतो आणि माणसालाही, पण टेन्शन म्हटलं की फक्त माणूसच डोळ्यासमोर येतो, घोळ तिथंच होतो. पेशीत ह्यांचं काम म्हणजे बिघडलेल्या प्रोटीनची घडी परत बसवायची आणि गोळा होऊ द्यायचा नाही, शहापूर-वडगावात मागावर तुटलेला धागा जोडत बसतात तसं.

आता खरी गुंतागुंत. पेशीच्या आत हा राखणदार, मग रक्तात सापडला तर चांगलं की वाईट? एचएसपी ६० हे ह्याच हीट शॉक प्रोटीनपैकी एक, ते मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात असतं, ते रक्तात जास्त दिसलं तर कुठंतरी पेशी फुटतायत असा अंदाज करतात आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये ते वाढलेलं सापडलंय. पुढचा दावा असा होता की बाहेर आलेलं हे प्रोटीन रोगप्रतिकारक पेशींना धोक्याची घंटा वाटतं आणि त्या सूज (पायावरची नव्हे, शरीरातला दाह) वाढवणारी द्रव्यं सोडतात. स्ट्रेस प्रोटीन आणि सूज हे दोन विषय जोडणारा हाच पूल, पण तो पहिल्यापासनं डळमळीत, कारण प्रयोगातलं प्रोटीन बॅक्टेरियात बनवलेलं असायचं आणि त्यात बॅक्टेरियाचं विष चिकटून येत होतं. चांगलं साफ केल्यावर काही प्रयोगांत घंटा वाजेचना. मला हा आक्षेप फार वजनाचा वाटतो, आणि तो बाजूला ठेवून सरळ 'स्ट्रेस प्रोटीनमुळे सूज' असं लिहिणं मला पटत नाही.

सुजेच्या मार्करची, म्हणजे सूज आहे हे दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणांची, गोष्ट फळमाशीच्याही आधीची. सीआरपी हे त्यातलंच एक प्रोटीन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं, १९५६ पर्यंत हार्ट फेल्युअरमध्येही बघून झालं होतं. आपल्याकडं मात्र ते बरीच वर्षं संधिवाताच्या तापाच्या टेस्टबरोबर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच यायचं.

खरी उलथापालथ १९९० नंतरची. त्या वर्षी दिसलं की गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये, विशेषतः अंगावरचं मांस झडलेल्या पेशंटमध्ये, टीएनएफ हे सूज वाढवणारं द्रव्य खूप वाढलेलं असतं. लगेच विचार आला की तेच अडवलं तर हृदय सुधारेल. कागदावर अगदी बरोबर! एटानरसेप्ट ह्या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचण्या फायदा दिसेना म्हणून २००१ मध्ये मधेच थांबवल्या. तसल्याच इन्फ्लिक्सिमॅबची १५० पेशंटची चाचणी २००३ मध्ये छापून आली, त्यात मोठ्या डोसवर मृत्यू आणि ॲडमिट होणं उलट वाढलं. म्हणून आजही सांधेदुखीसाठी ही इंजेक्शनं सुरू करताना हार्ट फेल्युअर आहे का विचारतात, आणि घरच्यांनी ते आपणहून सांगायलाच पाहिजे.

२०१७ मध्ये परत आशा आली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा वर असलेल्या दहा हजारांवर लोकांत इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं दुसरं द्रव्य अडवणाऱ्या औषधानं पुढचे झटके थोडे कमी झाले, पण जीवघेणं इन्फेक्शनही वाढलं.

मामांच्या फाइलमध्ये आता एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर किती भार आहे ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) आणि सीआरपीचे कागद आहेत, डॉक्टर औषध ठरवताना पहिल्याकडंच जास्त बघतात. स्ट्रेस प्रोटीनचा आकडा अभ्यासवाल्यांकडं गेला, फाइलमध्ये तो येत नाही. मामीला मी पेशीवरचा ताण समजावून सांगितला, तिनं ऐकून घेतलं आणि केसची तारीख मात्र आता मामांना न सांगता मला फोन करून विचारते.