धर्मप्रसाराचे मिशन आणि निर्वासितांची सेवा

कॅथलिक चर्चच्या वर्षात दोन रविवार महिन्याभराच्या आत येतात. सप्टेंबरचा शेवटचा रविवार 2019 पासून सहसा स्थलांतरितांचा आणि निर्वासितांचा दिवस म्हणून पाळला जातो, तर ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार हा मिशन रविवार असून तो 1926 मध्ये पोप पायस अकरावे यांनी ठरवून दिला. या दोन्ही दिवसांमागच्या कामांना आपल्याकडे सरसकट ‘मिशनरी काम’ म्हटले जाते, आणि असे म्हणणाऱ्यांत चर्चला जाणारे आम्ही ख्रिस्ती लोकही आहोत. केनियातल्या निर्वासित छावणीत शिकवणारी सिस्टर आणि नव्या मुलखात धर्मग्राम, म्हणजे चर्चभोवतीचा ख्रिस्ती समाज, उभा करणारा फादर एकच काम करतात, असा समज त्यातून होतो. तो दूर झाला नाही तर त्याचा त्रास शेवटी निर्वासितांनाच होतो, म्हणून येथे दोन्ही कामे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

धर्मप्रसाराचा आधार बायबलमधल्या, येशूचे चरित्र सांगणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या, म्हणजे 28व्या अध्यायात आहे. पुनरुत्थित येशू तेथे शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन लोकांना शिष्य करायला आणि बाप्तिस्मा द्यायला सांगतो. निर्वासितसेवेचा आधार त्याच शुभवर्तमानात तीन अध्याय आधी सापडतो. तेथे न्यायाच्या दिवसाचे चित्र आहे: भुकेल्याला अन्न देणाऱ्या आणि परक्याला घरात घेणाऱ्या लोकांना राजा सांगतो की ते तुम्ही माझ्यासाठीच केले, आणि ते लोक चकित होऊन विचारतात की प्रभू, आम्ही तुला परका असा कधी पाहिले? मला हा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण परक्याला घरात घेताना आपण कोणाची सेवा करत आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. पहिल्या कामात सांगणे मुख्य असते आणि ऐकणाऱ्याने स्वीकारावे ही आशा उघड असते. दुसऱ्या कामात समोरच्याची गरज भागली की काम पुरे होते.

कोण काम करतो हे पाहून हा फरक कळत नाही, कारण अनेकदा दोन्ही कामे एकाच संघाची माणसे करतात. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे. ते 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि सुमारे 11 हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्यांनी रचले, जे 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. हे धर्मप्रसाराचे काम होते आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. ख्रिस्ताची कथा मराठी माणसाला त्याच्या भाषेत सांगावी, हाच त्याचा हेतू. त्याच येशूसंघाने 14 नोव्हेंबर 1980 रोजी निर्वासितांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली, तिचे नाव जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस.

ती स्थापन करणारे फादर पेद्रो अरुपे यांच्या आयुष्यात ही दोन्ही कामे एकापाठोपाठ आली. स्पेनमध्ये वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते संघात आले आणि 1938 मध्ये मिशनरी म्हणून जपानला गेले. 6 ऑगस्ट 1945 रोजी ते हिरोशिमाच्या सीमेवरील नागात्सुका येथे नवदीक्षितांचे, म्हणजे संघात नव्याने आलेल्यांचे, गुरू होते. बॉम्ब पडल्यावर त्यांनी मठाचे रुग्णालय केले. औषधे जवळजवळ नव्हतीच. बोरिक पावडरचे एक पोते हाती लागले, तिच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या भाजलेल्या अंगांवर ठेवत त्यांनी सुमारे 150 जखमींवर उपचार केले. ज्या शहरात ख्रिस्ती माणसे मूठभर होती, तेथे त्या पट्ट्या कोणाच्या अंगावर जात असतील हे वेगळे सांगायला नको. अरुपे त्या सकाळपर्यंत धर्मप्रसारक होते आणि नंतरही होते, परंतु त्या दिवसांत त्यांनी जे केले ते काम वेगळ्या जातीचे होते. पुढे संघाचे प्रमुख झाल्यावर, व्हिएतनाममधून होड्यांतून समुद्रात निघालेल्या लोकांचे हाल पाहून 1979 च्या नाताळच्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या देशांतील संघाच्या प्रांतप्रमुखांना तारा पाठवल्या, आणि त्यातूनच पुढल्या वर्षी ही संस्था उभी राहिली. निर्वासितांच्या सोबत राहणे, त्यांची सेवा करणे आणि त्यांच्या हक्कांची बाजू मांडणे, असे तिने आपले काम ठरवले. आज ती 50 हून अधिक देशांत आहे.

केनियाच्या वायव्येला, तुर्काना या रखरखीत प्रदेशात 1992 मध्ये काकुमाची निर्वासित छावणी सुरू झाली. तेथे डॉन बॉस्कोचे, म्हणजे सेलेशियन संघाचे, तंत्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याच संघाचे फादर छावणीतल्या कॅथलिकांचे चर्चही पाहतात. वेल्डिंगच्या वर्गात डोळ्यांवर काळी काच धरून बसलेला मुलगा सोमाली मुसलमान असेल किंवा दक्षिण सुदानी ख्रिस्ती. त्याला सांधा पक्का जोडता यावा, एवढेच तेथे पाहिले जाते. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मात्र कॅथलिकांसाठी असते. देश सुटलेल्या माणसाला आपल्या भाषेतले स्तोत्र म्हणायला जागा देणे ही त्याच्या श्रद्धेची काळजी आहे, कोणाचे धर्मांतर नव्हे. वर्गाचा दरवाजा आणि चर्चचा दरवाजा वेगळा आहे, आणि एकातून आत यायला दुसऱ्यातून जावे लागत नाही; सगळे महत्त्व या मांडणीला आहे.

ही मांडणी इतकी काटेकोर का ठेवायची? ख्रिस्तपुराण ऐकणारा माणूस कंटाळला तर उठून घरी जाऊ शकत होता. शिधापत्रिका घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला घर नाही आणि उठून जायला जागाही नाही. तिच्यासमोर धान्याबरोबर पत्रक ठेवले तर तिने दिलेला होकार खरा की भुकेपोटी, हे तिलाही सांगता येणार नाही. म्हणूनच मदतसंस्थांसाठी 1994 मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेत मदतीचा उपयोग राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी होणार नाही, असे तिसरे कलम आहे. ती पुरस्कृत करणाऱ्यांत रेडक्रॉस आणि ऑक्सफॅमच्या बरोबरीने कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही 2005 च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रात, प्रेमसेवा हे धर्मांतराचे साधन होता कामा नये, असे स्पष्ट लिहिले. आपल्याकडे शंका घेणाऱ्यांना दोष देता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत नगर भागात मिशनने माणसे जगवली आणि त्याच काळात बाप्तिस्मेही झाले, आणि त्यांतील श्रद्धा किती व भूक किती हा वाद अजून मिटलेला नाही. भूक आणि बाप्तिस्मा एकाच अंगणात आले की प्रामाणिक माणसाचाही खरेपणा सिद्ध होत नाही.

निर्वासितानेच होऊन बाप्तिस्मा मागितला तर काय करायचे, ही खरी अवघड जागा आहे. त्याला नाही म्हणणे हाही अन्याय ठरेल. अशा वेळी घाई न करणे हाच उपाय आहे: प्रौढांची तयारी कॅथलिक चर्चमध्ये एरवीही महिनोन्‌महिने चालते. जर्मनीत तर आश्रय मागणाऱ्याचे धर्मांतर मनापासूनचे आहे का, हे न्यायालयेही तपासतात, त्यामुळे घाईने दिलेला बाप्तिस्मा त्या माणसाच्याच अंगाशी येऊ शकतो.

धर्मप्रसाराची कसलीही शक्यता नसलेल्या ठिकाणी निर्वासितसेवेचे काम कसे दिसते, हे पाहायचे तर अफगाणिस्तानकडे पाहावे. जेझुइट रेफ्युजी सर्व्हिसचे तेथील काम करणारे तमिळनाडूचे येशूसंघीय फादर अॅलेक्सिस प्रेम कुमार यांचे 2 जून 2014 रोजी हेरातजवळच्या एका शाळेतून अपहरण झाले आणि आठ महिन्यांहून अधिक काळाने, फेब्रुवारी 2015 मध्ये, ते सुटले. ती शाळा परदेशातील आसरा सोडून मायदेशी परतलेल्या अफगाण कुटुंबांच्या मुलांची होती.

यावरून निर्वासितसेवेत श्रद्धेला जागाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. हिरोशिमाला 36 वर्षे झाली त्याच दिवशी, 6 ऑगस्ट 1981 रोजी, अरुपे बँकॉकमध्ये छावण्यांत काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांशी बोलले आणि प्रार्थना करा, पुष्कळ प्रार्थना करा, असे त्यांनी कळकळीने सांगितले. प्रार्थना करायची होती ती काम करणाऱ्यांनी. रांगेत उभ्या असलेल्यांकडून ती मागायची नव्हती. दुसऱ्या दिवशी रोमच्या विमानतळावर उतरताच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते पुन्हा कधी पूर्वीसारखे बोलू शकले नाहीत.