जर्मन लष्करी संगिनी : संग्रह व स्थितिपरीक्षण

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी बसवायचे पाते म्हणजे संगीन. 1871 मध्ये स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्यापासून 1945 पर्यंत जर्मन सैन्याने वापरलेल्या संगिनी जमवणे ही जुन्या शस्त्रांच्या संग्रहातली एक स्वतंत्र शाखा आहे. तिच्या आकर्षणाचे मुख्य कारण शिक्क्यांत आहे. कारखानदार, उत्पादनाचे वर्ष, तपासनीस आणि पुष्कळदा पलटणसुद्धा जर्मन लष्कराने धातूवर ठोकून ठेवली. त्यामुळे एका संगिनीचा प्रवास बऱ्याच अंशी तिच्यावरूनच वाचता येतो, आणि ज्या क्रियेने हे लेखन पुसले जाते ती संगिनीचे सर्वांत मोठे नुकसान करते.

1871 च्या माउझर बंदुकीची संगीन पितळी मुठीची आणि सुमारे 47 सेंमी. लांब पात्याची होती. 1884 मध्ये सुमारे 25 सेंमी. पात्याची, सुरीसारखी आखूड संगीन आली. 1898 च्या नव्या बंदुकीबरोबर मात्र पुन्हा 52 सेंमी.हून लांब, सडपातळ पाते स्वीकारले गेले. त्यानंतरची 98/05 ही संगीन पहिल्या महायुद्धाची ओळखच ठरली आहे. तिचे सुमारे 37 सेंमी.चे पाते टोकाकडे रुंद होत जाते, म्हणून संग्राहक तिला खाटकाचा सुरा म्हणतात. युद्धकाळात पोलादाची आणि कारागिरांची चणचण भासू लागल्यावर धातूच्या मुठीच्या, झटपट बनवलेल्या पर्यायी संगिनींचे असंख्य प्रकार निघाले. दुसऱ्या महायुद्धातली नेहमीची संगीन 84/98 ही होती. तिचे पाते 25 सेंमी.चे असून 1937 च्या सुमारास तिच्या मुठीवर लाकडाच्या जागी बेकलाइट या कडक प्लास्टिकच्या पट्ट्या येऊ लागल्या.

साम्राज्यकाळातील संगिनीच्या पात्याच्या पाठीवर मुकुट, त्याखाली राजाच्या नावाचे आद्याक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. प्रशियाच्या विल्हेल्मचे डब्ल्यू, बव्हेरियाच्या राजाचे एल आणि सॅक्सनीच्या फ्रीडरिख ऑगस्टचे एफए ही अक्षरे नेहमी आढळतात. पात्याच्या बुडाशी सोलिंगेन, सूल, एर्फुर्ट किंवा ओबर्नडॉर्फ येथील कारखान्याचे नाव असते. परजेवर, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधील आडव्या पट्टीवर, रेजिमेंट, कंपनी आणि शस्त्राचा अनुक्रमांक कोरलेला असला तर किंमत लक्षणीय वाढते. पुढे फेरशस्त्रसज्जतेच्या काळात उत्पादकाच्या नावाऐवजी सांकेतिक आकडे आणि अक्षरे आली. 1934 साठी के आणि 1935 साठी जी ही अक्षरे वर्ष सांगत, तर कार्ल आइकहोर्न या सोलिंगेनच्या कारखान्याचा उत्तरकालीन संकेत सीओएफ असा होता. 84/98 च्या पात्यावर आणि म्यानावर एकच क्रमांक असायचा. हे दोन्ही क्रमांक आजही जुळत असतील तर जोडी मूळची आहे. लढाईत आणि शरणागतीनंतरच्या ढिगाऱ्यात म्याने सर्रास अदलाबदल झाली असल्याने असे नमुने तुलनेने कमी मिळतात.

स्थिती ठरवताना पहिला प्रश्न चकचकाटाचा नसून बदल कोणी केला हा असतो. सेवेत असताना लष्करानेच केलेला बदल हा इतिहासाचा भाग आहे, नंतर विक्रेत्याने किंवा हौशी मालकाने केलेला बदल हा दोष. 1914 च्या लामबंदीच्या वेळी पात्यांना धार लावली गेली, तेव्हा मूळ कडेवरची घासण दोष ठरत नाही. मुठीच्या पाठीवरची पातळ पोलादी ज्वाला-पट्टी 1915 पासून, बंदुकीच्या ज्वालेने लाकूड जळू नये म्हणून बसवली गेली. पात्याच्या पाठीला करवतीचे दात असलेल्या संगिनींचा दोस्त राष्ट्रांनी क्रूरतेचा पुरावा म्हणून प्रचार केल्यावर 1917 पासून त्यांचे दात घासून काढले गेले, आणि तो घासलेला नमुनाही आज संग्रहणीय मानला जातो. काही संगिनींवरचा 1920 हा आकडा प्रथमदर्शनी उत्पादनाचे वर्ष वाटतो, पण ती पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन सैन्याची मालकीची खूण आहे. तुर्कस्ताननेही नंतर अनेक लांब पाती कापून आखूड केली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणींसमोर उभ्या असलेल्या तुर्की सैनिकांच्या हाती जर्मन बनावटीच्या माउझर बंदुका होत्या, त्यामुळे त्या आखूड नमुन्यांकडे मोडके पाते म्हणून पाहणे अन्यायाचे ठरते.

गंजाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. हात लावल्यास नारिंगी भुकटी निघते तो गंज चालू असतो आणि थांबवावा लागतो. तपकिरी-काळसर, घट्ट बसलेला थर मात्र बहुधा स्थिर असतो व तो तसाच ठेवणे श्रेयस्कर. धातू खाल्ल्याने पडलेले खड्डे भरून निघत नाहीत. ते घासून सपाट करताना शिक्के उथळ होतात, कडा गोल होतात आणि पात्यावरची पन्हळ (लांबीच्या दिशेची खोबण) पुसट होते. अशी पॉलिश केलेली संगीन दुकानात देखणी दिसते, पण संग्राहकाच्या लेखी तिची प्रत अर्ध्याहून खाली येते, आणि हे योग्यच आहे. युद्धकालीन पर्यायी संगिनींच्या धातूच्या मुठींवरील राखी-हिरवा रंग टिकला असेल तर तो काढून धातू उघडा करणे म्हणजे त्या नमुन्याचे निम्मे वैशिष्ट्य फेकून देणे होय.

मुठीच्या लाकडी पट्ट्यांच्या भेगा, सुकून आकसलेले लाकूड, खाच बिघडलेले स्क्रू, अडकलेली खटक्याची स्प्रिंग, म्यानावरचे चेप आणि तोंडाशी असलेल्या पातळ पट्ट्यांची अवस्था हेही तपासले जाते. स्क्रूची खाच ताजी, चमकदार दिसली तर मूठ अलीकडेच उघडली गेली आहे, असे समजावे.

खोटे नमुने बनवणाऱ्यांचे सर्वांत किफायतशीर क्षेत्र करवती पाते हेच आहे. साध्या पात्याला नवे दात पाडले की दातांच्या खोबणीतला धातू बाकीच्या पाठीपेक्षा उजळ आणि धारदार दिसतो. निकेलचा मुलामा दिलेल्या, खासगी खर्चाने घेतलेल्या शोभेच्या संगिनींवर नंतर कोरलेली अक्षरे आणि स्वस्तिक हाही नेहमीचा प्रकार. नाझी चिन्हे जाहीरपणे मांडण्यावर जर्मन दंडसंहितेच्या 86अ कलमाने बंदी असली, तरी संशोधन, शिक्षण व इतिहास यांसाठी अपवाद आहे.

जतन करताना तारेचा ब्रश व आम्ल वर्ज्य असून अत्यंत बारीक पोलादी लोकर, हलके तेल आणि सूक्ष्मस्फटिकी मेण पुरेसे असते. संगीन कमरेच्या चामडी अडकणीत घालून ठेवू नये. कातडी कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पोलाद गंजते आणि पितळेवर हिरवा थर चढतो. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 अन्वये केलेल्या नियमांच्या धारदार शस्त्रांच्या यादीत संगिनीचा स्पष्ट उल्लेख असल्याने, बाळगण्यापूर्वी किंवा परदेशातून मागवण्यापूर्वी परवान्याची चौकशी करणे आवश्यक ठरते.