मुस्लिम स्त्रियांची वृत्तप्रतिमा

वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि बातम्यांची संकेतस्थळे यांतून मुस्लिम स्त्रीचे जे चित्र पुन्हापुन्हा समोर येते, ती तिची वृत्तप्रतिमा. या चित्रावरून वाचक-प्रेक्षक तिच्याविषयी जी समजूत करून घेतात, तीही या नोंदीचाच विषय आहे. ज्यांचा मुस्लिम कुटुंबांशी रोजचा संबंध नाही, त्यांच्यावर या प्रतिमेचा परिणाम अधिक होतो. कारण बातमी पडताळून पाहायला त्यांना ना शेजारीण असते, ना मैत्रीण. जगात मुस्लिम स्त्रिया शंभर कोटींच्या आसपास आहेत. त्यांच्या भाषा, पोशाख, शिक्षण, कायदे सारे वेगवेगळे आहे. बातमीत मात्र त्या सगळ्या मिळून एकच बाई होतात.

हे कसे घडते ते छायाचित्रांत सर्वांत स्पष्ट दिसते. काळ्या बुरख्यातल्या दोन-तीन स्त्रिया पाठमोऱ्या चालल्या आहेत. चेहरा नाही, गाव नाही. खाली ‘संग्रहित छायाचित्र’ एवढीच ओळ. बातमी तलाकची असो, शिष्यवृत्तीची असो, लोकसंख्येची असो की दहशतवादाच्या तपासाची, चित्र तेच. पान लावायची घाई असते, संग्रहात ‘मुस्लिम महिला’ असे शोधले की पहिल्यांदा हेच पुढे येते आणि उपसंपादक ते उचलतो. दरवेळी त्यामागे वाईट हेतू असतो असे नाही. पण बुरखा न घेणारी डॉक्टर, शेतमजूर किंवा वकील बाई ‘मुस्लिम स्त्री’ म्हणून वाचकाच्या मनात उमटतच नाही. बुरखा घेऊन बँकेत काम करणारीही उमटत नाही, कारण चित्रातली बाई कधी काम करताना दिसत नाही.

या विषयातले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र १९८४ सालचे आहे. पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर घरोघरी पोहोचला. तिचे नाव मात्र कुणी विचारून ठेवले नव्हते. ते कळायला २००२ साल उजाडले: शरबत गुला. तोवर तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाही नव्हता. फोटो काढला तेव्हा आपल्याला राग आला होता, कारण तो माणूस परका होता, ही तिची आठवण होती. सतरा वर्षे जग ज्या नजरेचे नाना अर्थ लावत होते, त्या नजरेतली ही साधी गोष्ट तिला विचारल्यावरच कळली.

माध्यम-अभ्यासात या प्रक्रियेला ‘चौकट’ ही संज्ञा वापरतात. घटनेचा कोणता भाग उचलायचा आणि कोणता ठळक करायचा, यावरून वाचकाला तिचे कारण काय वाटेल व उपाय कोणता सुचेल हे बरेचसे ठरते. अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये केलेली ही मांडणी आजही आधारभूत मानली जाते. मुस्लिम स्त्रीच्या बाबतीत रोशेल टरमन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या दोन मोठ्या दैनिकांच्या पस्तीस वर्षांच्या परदेशी बातम्या त्यांनी संगणकाच्या साहाय्याने तपासल्या. मुस्लिम समाजांतल्या स्त्रिया मुख्यतः त्यांचे हक्क डावलले गेले की बातमीत येतात. इतर समाजांतल्या स्त्रिया मात्र त्यांचे हक्क बऱ्यापैकी जपले जातात अशा ठिकाणांहूनही येतात, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रत्येक बातमी खरी असली तरी निवडीतून उभे राहणारे चित्र एकांगी होऊ शकते.

प्रमाणाचे भान सुटण्याचे उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. चेहरा झाकण्यावर बंदी घालणारा कायदा तिथे २०१० मध्ये झाला. त्याआधी सरकारचाच अंदाज होता की पूर्ण चेहरा झाकणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे १,९०० आहेत. साडेसहा कोटींच्या देशात एवढ्या थोड्या स्त्रिया महिनोन् महिने चर्चेच्या केंद्रस्थानी राहिल्या.

मुस्लिम स्त्रीला बाहेरच्या कुणीतरी सोडवायला हवे, अशी मांडणी करणारी ‘सुटकेची’ चौकट त्याहून जुनी आहे, पण २००१ मध्ये अफगाणिस्तानवरील हल्ल्यानंतर ती ठळक झाली. १७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून अफगाण स्त्रियांची स्थिती मांडली आणि युद्धाला स्त्रीमुक्तीची जोड मिळाली. मानवशास्त्रज्ञ लैला अबू-लुघोद यांनी पुढच्याच वर्षी प्रश्न केला: मुस्लिम स्त्रियांना खरोखर कुणी वाचवायला हवे आहे का? अत्याचार नाकारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्या स्त्रियांना स्वतःला काय हवे आहे हे आधी विचारा, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतात शाहबानो प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. इंदूरच्या या ६२ वर्षांच्या बाईंनी १९७८ मध्ये नवऱ्याकडे पोटगी मागितली. उच्च न्यायालयाने ठरवलेली रक्कम दरमहा १७९ रुपये २० पैसे होती. सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी ती कायम केली. पुढे वर्षभर मथळे शरीयत, समान नागरी कायदा आणि मतपेट्या यांचे होते. समाजातून आलेल्या दबावात शाहबानोंनी अखेर निकालच नाकारला. त्यांच्या नावाने वाद अजूनही चालतात, पण ती पोटगीची रक्कम किती लोकांना आठवते?

अशा वार्तांकनाची सर्वांत मोठी झळ तक्रार करणाऱ्या स्त्रीलाच बसते, असे माझे मत आहे. नवऱ्याविरुद्ध किंवा जमातीतल्या पुढाऱ्यांविरुद्ध तोंड उघडले की तिची व्यथा साऱ्या समाजाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली जाईल, ही भीती असते. गप्प राहिली तर ती सोसणारी ठरते. वास्तविक सुधारणेची मागणी आतूनच आणि फार पूर्वी झाली आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत तोंडी तलाकविरोधी मोर्चा काढला. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, शायरा बानो यांच्यासह अनेक स्त्रियांच्या लढ्यानंतर. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध दिल्लीच्या शाहीन बागेत धरणे धरून बसलेल्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलत होत्या, तरी ‘यांना कुणी बसवले?’ हा प्रश्न काही वाहिन्यांनी लावून धरला.

बातमी लिहिणारी स्त्री आतली असली की काय फरक पडतो, याचीही उदाहरणे आहेत. मुहम्मदी बेगम १८९८ पासून लाहोरहून ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ हे उर्दू साप्ताहिक संपादित करत होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इराणच्या नैतिकता पोलिसांनी हिजाबच्या कारणावरून पकडलेली तरुणी महसा अमिनी तेहरानच्या रुग्णालयात बेशुद्ध होती, तेव्हा पत्रकार नीलूफर हामेदी तिथे पोहोचल्या आणि एकमेकांना कवटाळून उभ्या असलेल्या तिच्या आप्तांचा फोटो त्यांनी जगासमोर आणला. महसाच्या दफनविधीची बातमी इलाहे मोहम्मदी यांनी तिच्या गावी, सक्केझला जाऊन दिली. त्याच महिन्यात दोघींना अटक झाली. जामिनावर त्या बाहेर आल्या ते जानेवारी २०२४ मध्ये.