एकबारी रायफल (हरणाच्या शिकारीसाठी)

एकबारी रायफलीत एका वेळी एकच काडतूस मावते. तिला मॅगझिन (जादा काडतुसांची पेटी) नसते, त्यामुळे बार काढला की ती उघडून हाताने पुढचे काडतूस भरावे लागते. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत ती अजून टिकून आहे. (भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हरणाची शिकार हा गुन्हा आहे.)

तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चापाभोवतीची कडी तरफेसारखी खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो. यूटामधील ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगने अशी रायफल घडवली. विंचेस्टरने तिचे हक्क १८८३ मध्ये विकत घेतले आणि ती ‘मॉडेल १८८५’ म्हणून विकली. रूगर कंपनीची ‘नंबर वन’ (१९६७) याच घराण्यातली. दुसऱ्या प्रकारात रायफल बिजागरीवर मधोमध वाकून उघडते. ही साधी आणि स्वस्त.

ती निवडण्यामागे हौस असतेच, पण पुष्कळदा कायदाही असतो. मिसिसिपी आणि लुईझियाना या राज्यांत ‘जुन्या हत्यारांच्या’ खास हंगामात बाहेर घोडा (बार उडवणारी, अंगठ्याने मागे ओढायची हातोडी) असलेल्या, मोठ्या व्यासाच्या एकबारी रायफलीला अनेक वर्षे मुभा राहिली. ओहायोत सपाट, दाट वस्तीच्या शेतीमुळे हरणासाठी रायफल चालत नसे; २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे अरुंद न होणाऱ्या, काडतुसांना परवानगी मिळाली. त्यात १८७३ चे लष्करी .४५-७० हे काडतूस बसते, आणि २०१९ मध्ये आलेले .३५० लेजंडही. असे बंधन नसेल तर .२४३ किंवा .३०८ विंचेस्टर पुरेसे आहे. आणखी एक फायदा लांबीचा: बोल्ट (काडतूस भरणारा, मागेपुढे सरकणारा पोलादी दांडा) नसल्याने त्याला सरकायला जागा लागत नाही, म्हणून २६ इंची नळीची ‘नंबर वन’ २२ इंची नळीच्या बोल्ट रायफलीएवढीच भरते.

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीची निवड मात्र इथे नेहमीपेक्षा किचकट. ‘नंबर वन’वर दुर्बिणीच्या कड्या नळीवरच्या पट्टीला बसतात, त्यामुळे दुर्बीण पुढे जाते आणि माणसाला मान ताणून बघावे लागते. ज्या दुर्बिणीत डोळा चार इंच मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, तीच इथे चालते. नाहीतर मागे झुकलेल्या खास कड्या घ्याव्या लागतात. हलक्या रायफलीतून .४५-७० झाडताना तर हे अंतर धक्क्यापासून भुवई वाचवण्यासाठीही हवे. बाहेर घोडा असलेल्या रायफलीत वेगळीच अडचण: दुर्बिणीचे मागचे टोक घोड्याच्या डोक्यावर येते आणि तो मागे ओढायला अंगठा शिरत नाही. मग घोड्याला बाजूने एक छोटी खुंटी स्क्रूने जोडतात. ती सैल राहिली तर थंडीत, हातमोजे घातलेले असताना, घोडा अंगठ्यातून निसटू शकतो. दुर्बीण विकत घेताना या खुंटीची आठवण बहुतेकांना राहत नाही.

वर्धनशक्तीचा मोह लोकांना फार. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलात बहुतेक नेम शंभर-दीडशे यार्डांच्या आत धरला जातो आणि हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंच रुंद असतो. एवढ्याला नऊपट मोठे चित्र लागत नाही. शिवाय हरीण निघते ते तिन्हीसांजेला. चाळीस मिलिमीटरच्या भिंगातून चारपटीवर डोळ्याकडे दहा मिलिमीटरचे प्रकाशवर्तुळ येते, नऊपटीवर जेमतेम साडेचार. अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे चारपटीवर उजेड पुरून उरतो, नऊपटीवर कमी पडतो. ३-९×४० ची (तीन ते नऊपट, चाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण सर्रास घेतात आणि ती वाईटही नाही, पण एकबारीवर २-७ ची आखूड, हलकी दुर्बीण जास्त शोभते.

थॉम्पसन सेंटर कंपनीच्या ‘एन्कोअर’सारख्या रायफलीत नळी बदलता येते. दुर्बीण नळीवरच बसलेली असल्याने ती नळीबरोबरच निघते. प्रत्येक नळीला स्वतंत्र दुर्बीण ठेवली, तर परत बसवल्यावर नेम सहसा फारसा हलत नाही. तरी हंगामाआधी शंभर यार्डांवर दोन-तीन गोळ्या झाडून तो तपासतात.