हँडलबार रायझर

मोटरसायकलचं हँडल उचलायला वरची टी (पुढच्या शॉकच्या दोन्ही नळ्या वरून धरून ठेवणारी पट्टी) आणि हँडलचा क्लॅम्प यांच्यामधे जे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे घालतात ते रायझर. हँडल साधारण 20 ते 50 मिमी वर येतं, आणि तिरक्या रायझरने, म्हणजे पुलबॅकने, थोडं मागं पण येतं. क्लिप-ऑन हँडलच्या, म्हणजे दोन वेगळी हँडलं थेट शॉकच्या नळ्यांना आवळलेली असतात त्या गाड्यांना हे चालत नाहीत.

साताऱ्यात हे लावून घेतात ते मुख्यतः उंच लोक आणि खराब रस्त्यावर फूटपेगवर उभं राहून चालवणारे. यवतेश्वर घाट चढून कास, पुढं बामणोली असा फेरा मारायचा तर मूळ हँडलला उंच माणसाला सतत कमरेत वाकावं लागतं आणि घरी आल्यावर पाठ बोलायला लागते. पण ज्याचं सगळं फिरणं खंबाटकीमार्गे पुण्याला हायवेनेच आहे त्याने लावून काही खास उपयोग नाही, उलट ताठ बसल्यामुळं वारा छातीवर जास्त येतो.

फिटिंग म्हणजे चार बोल्ट काढायचे नि घालायचे, खरं काम वायरींचं. क्लच केबल, रेसची केबल, ब्रेकचा होज (ऑइलचा पाइप) आणि स्विचची वायरिंग हे सगळं मूळ उंचीच्या मापाचं असतं. 20-25 मिमीपर्यंत बऱ्याच गाड्यांत वायरी दुसऱ्या वाटेने घेऊन भागतं, त्यावर गेलं की लांब होज घ्या, ब्रेक ब्लीड करा, म्हणजे ऑइलमधली हवा काढा, खर्च वाढत जातो. तपासायची रीत सोपी, गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवायचं, वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल ओढली जातीय, तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. क्लच लिव्हरचा प्लेपण (लिव्हरची मोकळी हालचाल) तेव्हाच बघायचा, तो गेला असेल तर क्लच घसरणार.

काहीजण एमआयडीसीत लेथवाल्याकडून ठोकळे करून घेतात. मटेरियल चांगलं असेल तर हरकत नाही, घोळ बोल्टमधे होतो. ठोकळा जेवढा उंच तेवढा बोल्ट लांब लागतो, जुनाच घातला तर दोन-तीन आट्यांवर अख्खं हँडल लटकतं. 8 मिमीचा बोल्ट टीमधे निदान 12 मिमी तरी आत जायला हवा. वॉशर रचून उंची वाढवणं तर सरळ मूर्खपणा. बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) कंपनीच्या आकड्यापर्यंत आवळावेत, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जास्त जोर लावला की जातात, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा बघावेत. आरसेही नव्याने सेट करावे लागतात, नाहीतर त्यात मागचा ट्रक सोडून नुसतं आभाळ दिसतं.